पुठ्ठ्यावरचे डाग आणि इंजिन ऑइलची शंभर वर्षं

शुक्रवारी रात्री पुण्याहून निघालेली बस पहाटे छत्रपती संभाजीनगरला टेकली. तिथून एसटी पकडली, दौलताबादचा किल्ला मागे टाकला, घाट चढलो आणि साडेसातला खुलताबादला घरी. (माझ्या शाळेच्या दाखल्यावर 'जि. औरंगाबाद' आहे, त्यामुळे अजून तेच तोंडात येतं. असो.)

अंगणात पाऊल टाकलं आणि पहिली नजर गेली ती बाबांच्या मोटारसायकलकडे. म्हणजे खरं तर तिच्या खाली. शहाबादी फरशीवर टीव्हीच्या खोक्याचा एक पुठ्ठा पसरलेला, त्यावर ऑइलचे काळे डाग, आणि प्रत्येक डागाशेजारी बॉलपेनने घातलेली तारीख! १२ ऑक्टोबर. १९ ऑक्टोबर. २ नोव्हेंबर... बाबा निवृत्त शिक्षक आहेत. हजेरीपट सुटला पण तारीख घालायची सवय काही सुटली नाही.

मी मनातल्या मनात हसलो. (ही चूक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.)

गाडी शंभर सीसीची, फोर-स्ट्रोक, वीस वर्षांपेक्षा जास्त जुनी. तिच्यावरून बाबांनी शेवटची कित्येक वर्षं शाळा केली. निवृत्तीनंतरही सकाळी वेरूळपर्यंत चक्कर, येताना भाजी, हा नेम. पण महिन्याभरापूर्वी आईला घेऊन घाट उतरताना एका वळणावर मागचं चाक घसरलं. पडले नाहीत, पण थोडक्यात वाचले. मागच्या टायरच्या कडेला ऑइल लागलं होतं. त्या दिवशी आईने जाहीर केलं, "मी आता हिच्यावर बसायची नाही आणि तुम्हीही बसायचं नाही." शहरातल्या एका गॅरेजवाल्याने गाडीकडे लांबूनच बघून 'हाफ इंजिन काढावं लागेल' असं सांगितलं. तो खर्च ऐकून भंगारवाल्याला फोन करायचं जवळजवळ ठरलं होतं. बाबा काही बोलले नाहीत. पण सकाळची चक्कर बंद झाली, आणि आई फोनवर हळूच म्हणाली की ते दिवसभर ओट्यावर बसून असतात.

म्हणून मी आलो होतो. मेकॅनिकलची डिग्री नाही, कॉम्प्युटरची आहे. पण दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या गळत्या शोधणाऱ्या माणसाला एक ऑइलची गळती सापडू नये?

दुपारपर्यंत कळलं की बाबांनी काय काय केलंय. ऑइल टपकत होतं ते इंजिनच्या तळाच्या ड्रेन बोल्टवरून. म्हणून त्यांनी त्याचा वायसर बदलला. टपकणं चालूच. पुन्हा बदलला. मग बोल्ट आणखी आवळला. मग अजून. आता तो इतका घट्ट होता की आटे जाण्याच्या बेतात असावेत. तरी थेंब आपला तिथेच!

इथे जरा थांबू. कारण त्या बोल्टपर्यंत पोचायच्या आधी मला शंभर वर्षं मागे जावं लागलं, आणि तुम्हालाही नेणार आहे.

* * *

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटारसायकलींमधून ऑइल 'गळत' नसे. ते खर्चच होत असे. पेट्रोलच्या टाकीशेजारी ऑइलची वेगळी टाकी आणि तिला एक हातपंप. चालवणाऱ्याने दर काही मैलांनी पंपाचा दट्ट्या दाबायचा. ऑइल इंजिनात जायचं, बेअरिंगं भिजवायचं, थोडं जळायचं आणि उरलेलं सांध्यांतून रस्त्यावर. परत येण्याची सोयच नव्हती. या पद्धतीचं नावही प्रामाणिक होतं, 'टोटल लॉस'. म्हणजे बिघाड नव्हे, डिझाइनच तसं!

पहिल्या महायुद्धातल्या विमानांमध्ये तर याचा कळस झाला. त्यातल्या बऱ्याच विमानांना रोटरी इंजिनं होती, ज्यात क्रँकशाफ्ट स्थिर आणि सगळे सिलिंडर त्याच्याभोवती गरागरा फिरायचे. त्यात वंगण म्हणून काय घालत, माहितेय? एरंडेल. आपलं आजीच्या कपाटातलं! एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून पेट्रोल आत येऊनही ते धुऊन जात नसे. काम झालं की ते बाहेर फेकलं जायचं, थेट वैमानिकाच्या चष्म्यावर. ऑइलच्या जाहिरातीत आपण बघतो ते 'कॅस्ट्रॉल' हे नावही कॅस्टरवरून, म्हणजे एरंडावरूनच आलेलं, १९०९ सालचं.

आपल्याकडे यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. बैलगाडीच्या आखाला तेलाचं वंगण घालायचं, ते चाकातून ओघळून रस्त्यावर जायचं, आणि गाडीला टांगलेल्या नळ्यातून पुन्हा घालायचं. आख कोरडा पडला तर करकरतो, एवढाच नियम. ओघळलं म्हणून कोणी गाडी भंगारात काढत नव्हतं.

मुद्दा असा की 'गळती' हा शब्द तेव्हाच जन्माला येतो, जेव्हा तेल आत राहावं अशी अपेक्षा जन्माला येते. इंजिनच्या पोटात ऑइल साठवायचं, पंपाने वर चढवायचं, खाली आलेलं पुन्हा वापरायचं, ही पद्धत रुळली आणि मग एकदम सगळ्यांना प्रश्न पडला... हे आत ठेवायचं कसं?

* * *

ऑइलला बाहेर पडायला तीन वाटा असतात. दोन धातूचे भाग जिथे एकमेकांवर बसतात तो सांधा, फिरणारा दांडा जिथून केसच्या बाहेर येतो ते भोक, आणि तिसरी वाट म्हणजे... ती नंतर सांगतो. ती वाट नाहीच खरं तर, ती ढकलणारी शक्ती आहे.

पहिली वाट सांध्याची. त्यावर कागद, कॉर्क यांचं पॅकिंग. जुने मेकॅनिक पॅकिंग घरीच बनवायचे. जाड कागद केसिंगवर ठेवायचा आणि कडेकडेने हातोडीने हलके हलके ठोकत जायचं. धातूच्या धारेवर कागद आपोआप कापला जातो आणि हुबेहूब आकार मिळतो. वर शेलॅकचा हात.

या वाटेवरचं आपल्याकडचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बुलेट. एन्फील्ड इंडिया मद्रासला १९५५ साली सुरू झाली. मूळची इंग्लंडमधली कंपनी १९७०च्या आसपास बंद पडली तरी ती मद्रासला चालूच राहिली, आणि इंग्लंडचं ओतीव लोखंडी सिलिंडरचं इंजिन पुढे अनेक दशकं आपल्याकडे बनत राहिलं. त्या जुन्या बुलेटच्या डाव्या अंगाला प्रायमरी चेनचं भलंमोठं झाकण असतं आणि ते अख्खं झाकण मधल्या एकाच नटवर बसतं. कडेने रबराची पट्टी. थेंब दिसला की मालक काय करणार? नट आवळणार. पण मधोमध जोर लावला की झाकण किंचित वाकतं, कडा उचलते आणि गळती वाढते. म्हणून मग अजून आवळायचं... बुलेट गळणारच, हा आपल्याकडचा जुना विनोद. त्या विनोदातला निम्मा दोष तरी मालकाच्या पान्याचा होता असं माझं मत आहे. (बुलेटवाले मित्र, रागावू नका. २००८-०९ पासून नवी एकसंध इंजिनं आली आणि विनोदातला दम गेला.)

दुसरी वाट फिरणाऱ्या दांड्याची. इथे पॅकिंग चालत नाही, कारण दांडा फिरणार आणि कागद फाटणार. पूर्वी यावर नमदा वापरत, दोरी वापरत, चामड्याची कडी वापरत. आणि काही ठिकाणी तर काहीच नाही! आपली अ‍ॅम्बॅसेडर आठवते? तिच्यात कित्येक वर्षं बीएमसीचं १४८९ सीसीचं इंजिन होतं. त्याच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला आज असतं तसं रबरी सील नव्हतं. दांड्यावर स्क्रूसारखे आटे कोरलेले असायचे. दांडा फिरला की ते आटे बाहेर येऊ पाहणाऱ्या ऑइलला उलटं आत ढकलायचे. किती हुशारी! फक्त एकच अडचण, इंजिन बंद केलं की हुशारीही बंद.

यावरचा खरा उपाय जर्मनीतून आला, तोही एका चामडं कमावणाऱ्या कंपनीकडून. वाइनहाइमची फ्रॉयडेनबर्ग. जागतिक मंदीत चामड्याचा धंदा बसला, तेव्हा चामड्यापासून दुसरं काय करता येईल याचा शोध घेताना ते सीलकडे वळले. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला वाल्टर सिमर नावाच्या इंजिनिअरने धातूच्या कडीत बसवलेलं चामड्याचं ओठ असलेलं सील तयार केलं. ओठाला मागून बारीक स्प्रिंगचा विळखा, म्हणजे झीज झाली तरी ओठ दांड्याला चिकटून राहणार. जर्मनीत त्याला अजून 'सिमरिंग' म्हणतात. आपण नुसतं 'ऑइल सील' म्हणतो.

चामड्याच्या जागी रबर यायला रसायनशास्त्र लागलं. झाडाचं नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं आणि मऊ पडतं. त्याच दशकात जर्मनीतच नायट्राइल रबर आलं, जे तेलाला दाद देत नाही. आणि १९३७ साली डेन्मार्कहून अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टेन्सनने एका साध्या गोल रबरी कडीचं पेटंट मागितलं. सत्तरी ओलांडलेला माणूस! ते पेटंट १९३९ साली मिळालं, मग महायुद्ध आलं आणि ती कडी विमानाविमानांत पोचली. तीच आपली 'ओ-रिंग'. तुमच्या बाइकच्या टॅपेट कव्हरखाली आत्ता या क्षणी तीच बसलेली आहे.

* * *

आता आपल्या घरांकडे येऊ. कारण गंमत म्हणजे, आपल्या बहुतेक घरांना इंजिन ऑइलची गळती हा प्रकार बराच उशिरा कळला.

आधीच्या पिढीचं वाहन म्हणजे स्कूटर. बजाज चेतक आली १९७२ साली. टू-स्ट्रोक. तिच्या इंजिनात वंगणाचं ऑइल वेगळं साठवलेलंच नव्हतं. पेट्रोलमध्ये मापाने ऑइल मिसळायचं आणि ते पेट्रोलबरोबर जळून धुराच्या रूपाने जायचं. बघा, ही टोटल लॉसचीच पुतणी! सकाळी स्कूटर उजवीकडे कलंडवून मग किक मारणारे वडील किंवा काका तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. साठवलेलं ऑइल होतं ते फक्त गिअरबॉक्समध्ये, तेही जेमतेम पाव लिटर.

आणि त्या गिअरच्या ऑइलची गळती कधीकधी दिसायचीच नाही. क्लचच्या बाजूचं क्रँकशाफ्टचं सील गेलं की टू-स्ट्रोक इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल आतल्या आत ओढून घ्यायचं आणि जाळायचं. खाली फरशी स्वच्छ, मागून पांढऱ्या धुराचा लोट आणि गिअरबॉक्स रिकामा! गळती आहे, थेंब नाही. हे वाचलं तेव्हा मला आमच्या ऑफिसातल्या अशा काही बगांची आठवण झाली ज्यांची एरर लॉगमध्ये कधीच येत नाही.

१९८५ साली दोन गोष्टी घडल्या. बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. त्याने अख्ख्या भागाचं नशीब पालटलं. आजही सकाळी शिफ्टला जाणारी पोरं आमच्या गल्लीतून बाहेर पडतात. आणि त्याच वर्षी हीरो होंडाची सीडी १०० आली. ९७ सीसीची छोटी फोर-स्ट्रोक. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा, अशा अर्थाची तिची जाहिरात अजून लोकांच्या लक्षात आहे. पुढे १९९६ आणि २०००चे प्रदूषणाचे नियम आले, टू-स्ट्रोकचे दिवस भरले आणि घराघरात फोर-स्ट्रोक उभी राहिली.

फोर-स्ट्रोक म्हणजे पोटात जवळजवळ लिटरभर ऑइल. तेच इंजिनला, तेच क्लचला, तेच गिअरला. मिसळायचं नाही, जाळायचं नाही, फक्त आत ठेवायचं. इंग्लिश मोटारसायकली गळायच्या कारण त्यांची केस उभी दुभागलेली होती, असं नेहमी सांगितलं जातं. पण सीडी १००ची केसही उभीच, डावी-उजवी दुभागलेली! फरक तपासणीत होता. पृष्ठभाग किती सपाट, सीलची जागा किती अचूक, आणि इंजिनला श्वास घ्यायला वाट किती मोकळी, यात.

आता ती तिसरी गोष्ट. श्वास.

पिस्टन खाली आला की त्याच्याखालची हवा दाबली जाते. शिवाय पिस्टनच्या रिंगांच्या कडेने थोडा जळका वायू खाली निसटतोच, कितीही नवं इंजिन असो. हा दाब बाहेर जायला एक नळी ठेवलेली असते, ब्रीदर. पूर्वी ती सरळ हवेत सोडलेली असायची. या नळीतल्या धुरानेही प्रदूषण होतं हे कॅलिफोर्नियात लक्षात आलं आणि १९६१ पासून तिथल्या नव्या गाड्यांमध्ये तो वायू परत इंजिनात घालून जाळणं सुरू झालं. आता आपल्या बाइकवरही ती नळी एअर फिल्टरच्या डब्याकडे जाते. आमच्या बाबांची जुनी, तिची नळी चेनच्या वर, खाली तोंड करून उघड्यावर सोडलेली.

ही नळी बुजली तर? घरातला कुकर आठवा. शिट्टीच्या भोकात डाळ अडकली की वाफ रबराच्या कडेने फसफसायला लागते. आपण रबर बदलतो. रबर बिचारं चांगलंच असतं.

बंद वाटेने काही वाहून न्यायचं तर तिला मध्ये मध्ये हवा हवी, हे आमच्या भागात चारशे वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. मलिक अंबरने खडकी गाव १६१० साली वसवलं, जे पुढे औरंगाबाद झालं, आणि त्याला पाणी आणलं जमिनीखालच्या नहरीने. त्या नहरीला ठिकठिकाणी वर उघडणारे उभे झरोके आहेत, हवेसाठी आणि उतरून सफाईसाठी. तो मलिक अंबर १६२६ साली वारला आणि झोपलाय आमच्याच खुलताबादला, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. लहानपणी त्याच्या कबरीच्या आवारात आम्ही क्रिकेट खेळायला जायचो. नहरीचं कुणी सांगितलं नव्हतं.

* * *

तर, शनिवारची दुपार. गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेजवाले चाचा आहेत, आता हात थरथरतात म्हणून मोठी कामं घेत नाहीत. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "पहिले धुवा. गंदा इंजिन झूठ बोलता है."

एवढं सुंदर डीबगिंगचं तत्त्व मला चार वर्षांच्या कॉलेजात कोणी शिकवलं नाही.

रॉकेल मिळत नाही म्हणून थोडं डिझेल आणलं. जुना ब्रश, भांड्याची पावडर, पाणी. एअर फिल्टरवर प्लास्टिक बांधलं. तासभर घासल्यावर वीस वर्षांत पहिल्यांदा इंजिनचा खरा रंग दिसला. उन्हात पूर्ण वाळवलं. मग आईच्या टाल्कम पावडरचा डबा पळवला आणि इंजिनच्या दोन्ही बाजूंना पावडर उडवली. "अरे, काय करायलास? लग्नाला न्यायचंय का तिला?" आई. पण ही जुनी युक्ती आहे. पांढऱ्या पावडरवर ऑइलची पहिली ओल लगेच काळी दिसते.

इंजिन सुरू केलं. दहा मिनिटं. टॉर्च घेऊन जमिनीवर पालथा.

ड्रेन बोल्टभोवतीची पावडर कोरडी! पहिली काळी रेघ उमटली ती डाव्या बाजूला, गिअरच्या दांडीचा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे. तिथून ऑइल केसच्या पोटाला धरून घसरत मधोमध यायचं आणि सगळ्यात खालच्या उंचवट्यावर, म्हणजे बोल्टवर, थेंब होऊन लोंबायचं. गाडी पळताना तेच वाऱ्याने मागे, टायरवर. थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते. थेंब गुरुत्वाकर्षणाचा असतो, गळती त्याच्या वर कुठेतरी. म्हणून नियम, सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधा.

सील म्हणजे किरकोळ काम. मी खूश. बाबांना विजयी मुद्रेने सांगितलं, "सील गेलंय. म्हातारं झालंय."

बाबा म्हणाले, "बरोबर. पण मग बारा ऑक्टोबरलाच कसं म्हातारं झालं?"

मी गप्प.

पुठ्ठा पुन्हा नीट वाचला. १२ ऑक्टोबरच्या आधी एकही डाग नव्हता. पुठ्ठा तर उन्हाळ्यापासून तिथे होता, चेनचं ऑइल फरशीवर पडू नये म्हणून. "त्याच्या आधी काय झालं होतं?" मी विचारलं. बाबांना तारखा पाठच. ऑगस्टच्या मध्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलेलं. जवळजवळ दोन महिने गाडी जागच्या जागी उभी. १२ ऑक्टोबरला पहिल्यांदा बाहेर काढली.

म्हणजे बाबांनी मला तारीखवार लॉग लिहून दिला होता आणि मी तो सकाळी बघून हसलो होतो. ऑफिसात कोणी लॉग न वाचता थेट कोडला हात घातला तर मी त्याला काय काय बोलतो!

उभ्या गाडीला पावसाळ्यात काय होतं? गाडी चालू ठेवून ब्रीदरच्या नळीच्या तोंडाशी बोट धरलं. तिथे फुस् फुस् हवा लागायला हवी. काहीच नाही. इंजिन बंद करून, थोडं थंड होऊ देऊन, नळी उपसली. खालचं तोंड सुक्या चिखलाने गच्च. कुंभारीण! घराच्या कोपऱ्यात मातीचं घर बांधते ती माशी. तिला दोन महिने न हललेली, वाऱ्यापावसापासून आडोशाची, आपल्याच मापाची नळी मिळाली होती. तिने संसार थाटला, पोरं वाढवून निघून गेली, आणि आमच्या इंजिनचा श्वास कोंडला.

तारेने माती काढली, सायकलच्या पंपाने नळी साफ फुंकली, परत बसवली. फुस् फुस्! पुन्हा पावडर, पुन्हा दहा मिनिटं. डाग आला, पण पूर्वीच्या चौथाईही नाही. म्हणजे सीलचा ओठ कडक झाला होता हे खरंच, पण नुसत्या वयाने तो अजून काही वर्षं रडतखडत चालला असता. दाबाने त्याला हरवलं. आणि मी नुसतं सील बदलून पुण्याला गेलो असतो, तर नवंही महिन्या-दोन महिन्यांत ओलं झालं असतं.

रविवारी सकाळी चाचांनी त्यांच्या डब्यातून मापाचं सील काढून दिलं. करणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी सीलच्या विरुद्ध बाजूला कलंडवून भिंतीला टेकवली, म्हणजे ऑइल काढावं लागत नाही. (उजवीकडे कलंडलेली गाडी बघून बाबांना त्यांची स्कूटर आठवली.) गिअरची दांडी काढली. जुनं सील वाकवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने हळूच उपटलं, शाफ्टला चरा न पाडता. शाफ्टच्या दात्यांवर सेलोटेप गुंडाळला, नाहीतर तेच नव्या सीलचा ओठ कापतात. ओठाला ऑइलचं बोट लावलं, स्प्रिंगची बाजू आत. मग पाइपच्या तुकड्याने चहूबाजूंनी सारखं दाबत बसवलं. ठोकायचं नाही.

शेवटी तो बिचारा ड्रेन बोल्ट. ऑइल तसंही काळं झालं होतं, ते एका डब्यात काढलं. (नालीत ओतू नका प्लीज. चाचांकडे जुन्या ऑइलचं पिंप आहे, तिथे गेलं.) वायसर चेपून पापड झाला होता, पण आटे वाचले होते. नवा वायसर घालून बोल्ट बसवला, बसेपर्यंत आवळला आणि मग थोडंसंच. बाबांचा हात पान्याकडे गेला. "अजून अर्धा फेरा?" मी म्हटलं, "नको बाबा. घट्ट असणं आणि बंद असणं वेगळं." हे वाक्य मला बुलेटच्या त्या झाकणाने शिकवलं. ऑइल मापाने भरलं, गाडी सरळ उभी धरून दट्ट्यावरची पातळी बघितली, कारण जास्त ऑइल भरणं हेसुद्धा गळतीचं एक कारण असतं. मागचा टायर साबणाने दोनदा धुतला.

मग बाबा पुढे, मी मागे. घाट उतरून दौलताबादपर्यंत गेलो, चहा प्यायलो, परत चढून आलो. बाबा वळणावर सावकाश घेत होते. दर थांब्याला मी वाकून बघत होतो आणि ते न बघितल्यासारखं करत होते.

शंभर वर्षांचा हा सगळा इतिहास वाचून माझ्या हाती एवढंच लागलं की आपण बिघाडाला नेहमी 'कुठून' विचारतो. कुठून गळतंय? ते विचारायलाच हवं, त्यासाठी धुवायचं आणि पावडर लावायची. पण 'कधीपासून' विचारल्याशिवाय उत्तर अर्धंच राहतं. कुठून हे इंजिनने सांगितलं. कधीपासून हे फक्त पुठ्ठ्याला माहीत होतं. आणि बाबांना.

रात्रीच्या बससाठी निघालो तेव्हा गाडीखाली नवा, कोरा पुठ्ठा अंथरलेला होता. पुढच्या शनिवारी आईने त्याचा फोटो पाठवला. डाग एकही नाही. तरी कोपऱ्यात बॉलपेनने तारीख घातलेली आणि तिच्यापुढे, सरकारी तक्त्यात लिहितात तसं, बाबांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द: निरंक.

फोटो काढणारी आई स्वतः कुठे निघाली होती विचारलं, तर म्हणाली, "वेरूळला. यांच्या मागे बसून."